भाद्रपदातली पानगळ

"पानं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बोट केलं. ऑफिससमोरच्या वडाला इतकी पानं होती की पलीकडची बँक दिसत नव्हती.

"ती झाडावर आहेत, मिस्टर जॉगलेकार. मला खाली पडणारी हवीत. पिवळी, तांबडी. ऑटम!"

मी जोगळेकर. पण साहेबांना 'ळ' येत नव्हता आणि मला नोकरी हवी होती, त्यामुळे मी जॉगलेकारला ओ देत असे. फोर्टातल्या एका जाहिरात कंपनीत मी फोटोग्राफर होतो, तोही प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे काम पक्क्या माणसाचं आणि खुर्ची कच्च्या माणसाची.

लढाई नुकतीच संपली होती. कंपनीची कॅलेंडरं लढाईआधी विलायतेतून चित्रं मागवून छापली जात. मग बोटी बंद झाल्या आणि साहेबांना शोध लागला की हिंदुस्थानातही कॅमेरे आहेत. त्या वर्षी एका टॉनिकवाल्या गिऱ्हाइकाला चार ऋतूंचं कॅलेंडर हवं होतं. विलायतेत ऋतू चार. आपले सहा आहेत हे मी सांगून पाहिलं, तर साहेब म्हणाले, उरलेले दोन पुढच्या वर्षी वापरू. तीन ऋतू आम्ही उरकले होते. विंटरसाठी एका बाईला शाल पांघरून घामाघूम केली होती. राहिला होता ऑटम, आणि दिवाळीच्या आत सगळं छापखान्यात जायचं होतं.

"साहेब, आपल्याकडं पानं मार्चमध्ये गळतात," मी म्हणालो.

"मार्चमध्ये ऑटम नसतो."

"नसतो, साहेब."

"मग पानं का गळतात?"

गिरगावात माझ्या खोलीत भाद्रपद यायचा तो बुटांवर हिरवी बुरशी घेऊन. भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा. फोटोग्राफरला तर हा महिना वैऱ्यासारखा. दमट हवेनं लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, मग गोऱ्यापान नवरीला फोटोत देवी आल्यासारख्या दिसतात. मध्येच दोन दिवस कडकडीत ऊन पडायचं. सगळी चाळ गाद्या उन्हात टाकायची आणि तिसऱ्या दिवशी त्या भिजायच्या. आमचा ऑटम एवढाच.

साहेबांनी भिंतीवरचा रेल्वेचा नकाशा गाठला आणि कर्जतवर नख टेकवलं. "मी पुण्याला जाताना इथले डोंगर पाहिलेत. सगळे ब्राउन होते."

"कधी पाहिलेत, साहेब?"

"मेमध्ये."

"मेमध्ये गवत वाळतं, साहेब. आता ते डोंगर हिरवेगार असतील."

"ब्राउन इज ब्राउन," साहेब म्हणाले. "तरीही पानं नसतील तर घेऊन जा."

हे त्यांनी थट्टेत म्हटलं असेल असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे तिन्ही चित्रकार कात्र्या घेऊन जाड कागदाची पानं कापत बसले होते. नमुन्याचं पान साहेबांनी स्वतः काढून दिलं होतं, पाच टोकांचं. आम्ही कोणीच तसलं झाड पाहिलं नव्हतं. एक चित्रकार म्हणाला, हे भेंडीचं पान आहे. मग ऑफिसात त्या कामाला भेंडी असंच नाव पडलं. पिवळा, नारिंगी आणि विटकरी रंग देऊन दोन पोती पानं तयार झाली.

आता पानांखाली उभी राहायला बाई हवी. साहेबांनी एका फिल्म स्टुडिओतून मिस शालन यांना बोलावलं. मिस शालन म्हणजे पडद्यावर पाण्याचे हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांच्या घोळक्यातली डावीकडून तिसरी. त्याआधी ती एका फिरत्या नाटक कंपनीत होती. तिथं तिला तोंडाला रंग लावायची संधी फारशी मिळाली नाही. ती पडद्यामागे बसून आवाज काढायची. कोकिळा, कोंबडा, तान्हं मूल, घोड्याच्या टापा, सगळं. वय माझ्याएवढंच आणि जीभ माझ्यापेक्षा लांब.

"कॅलेंडर घरोघर लागतं," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली. "स्टुडिओतल्या लोकांच्या घरीही लागत असेल. त्यांना कळू दे, मला हंड्याखाली तोंडसुद्धा आहे. फोटो बिघडवलात तर बघा."

म्हणजे दोघांचंही नशीब त्या भेंडीच्या पानांवर टांगलेलं.

आम्ही सकाळच्या गाडीनं कर्जतला उतरलो आणि टांगा करून चौकच्या रस्त्याला लागलो. बरोबर लाकडी प्लेट कॅमेरा, तिवई, दोन पोती पानं आणि शालनबाई. टांगेवाल्यानं पोत्यांत काय आहे विचारलं. मी म्हणालो, पानं. त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या रानाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि घोड्याला चाबूक दाखवला.

सगळं इतकं हिरवं होतं की डोळ्यांना त्रास व्हावा. भात पोटरीला आलेलं, बांधांवर तेरड्याची फुलं, डोंगरावरून अजून पांढऱ्या धारा लोंबत होत्या. ब्राउन म्हणावं असं फक्त टांग्याचं घोडं होतं.

एका गावाबाहेर जुनी आमराई दिसली. गावाचं नाव सांगत नाही, पुढं का ते कळेल. बुंधे जाड, खाली मोकळी जागा आणि दोन झाडांमधून आभाळाचा मोठा तुकडा दिसत होता. मला तोच हवा होता. आमराईला लागूनच एक कौलारू घर होतं. मालकाचं नाव गोमाजी. गाव त्याला गोमादादा म्हणायचं. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, मिशीला तूप.

"फोटू काढा की," तो म्हणाला. "पन आदी माजा काडायचा. फेटा बांदून."

"काढतो. आधी कंपनीचा होऊ दे."

"कंपनीचा मंग. आदी मालकाचा."

शेवटी कंपनीचा आधी ठरला, कारण गोमादादाला आंघोळ करायची होती. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. घरोघर स्वयंपाक चालला होता. दुपारी पितरांचं पान वाढून कौलावर ठेवायचं, कावळा येऊन शिवला की पितर जेवले. मग घरच्यांनी पानावर बसायचं, तोपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही. कावळ्यांना हे सगळं ठाऊक असतंच. अख्ख्या गावाचे कावळे आमराईत जमून स्वयंपाकाचा अंदाज घेत होते.

मी पानं पसरायला लागलो आणि पहिली आपत्ती आली. रात्रीच्या सरीनं गवत ओलं होतं. कागदाच्या पानांचा रंग सुटला. शालनबाई पांढरी रेशमी साडी नेसून त्यांच्यावर बसली आणि उठली तेव्हा मागून हळदीकुंकू झालं होतं.

"आता काय, पुढूनच काढणार?" ती म्हणाली.

घरातून एक तरुण बाई हे बघत होती. कपाळ मोकळं, कडेवर लहान मुलगी. ती गोमादादाच्या धाकट्या भावाची, रामाची, विधवा. रामा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. तिचं नाव भागी. ती शालनबाईला आत घेऊन गेली. बऱ्याच वेळानं शालनबाई बाहेर आली ती भागीचं हिरवं लुगडं नेसून. चेहरा मात्र वेगळा होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे लुगडं तिचं लग्नातलं आहे. म्हणाली, आता मला काय करायचंय. उद्या तिला पोशीरला माहेरी घालवतायत. पितरं झाली की जा, असं दिरानं सांगितलंय. मुलीसकट. नवऱ्याच्या वाटणीचं वावर दीर घेणार. माहेरी भावजया दारात उभं करणार नाहीत, असंही म्हणाली. आणि हे सगळं सांगताना माझ्या निऱ्या नीट करत होती."

"आपण काय करणार?" मी म्हणालो.

"तुम्ही फोटो काढा," ती म्हणाली. ते वाक्य तिनं ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आवडला नाही.

मी कॅमेरा लावला. त्या काळचा प्लेट कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. मागे घासलेली काच, तिच्यावर समोरचं दृश्य उलटं दिसतं. बाहेरचा उजेड काचेवर पडू नये म्हणून फोटोग्राफर डोक्यावरून काळा बुरखा घेतो. त्या बुरख्यात मी शिरलो आणि काचेवर शालनबाई पाय वर, डोकं खाली अशी उभी राहिली. आभाळ भरून आलेलं. आंब्याखाली तर अंधारच. एवढ्या उजेडात चेहरा येणार नाही, म्हणून फ्लॅश पावडर वापरायची ठरवली.

फ्लॅश पावडर म्हणजे मॅग्नेशियमची भुकटी. दांडीला लावलेल्या पत्र्यावर ती ओतायची आणि ठिणगी पाडायची. लख्ख उजेड पडतो, थोडा आवाज होतो. किती भुकटी घ्यायची ते अनुभवानं कळतं. मला अनुभव स्टुडिओतला होता. मोकळ्या जागेत जास्त लागणार असा विचार करून मी डबा वाकडा केला.

"हलू नका," मी शालनबाईला सांगितलं. "काहीही झालं तरी हलू नका." मग शटर उघडं ठेवून ठिणगी पाडली.

धडाम्!

बेचाळीसच्या गडबडीनंतर त्या भागात मोठा आवाज झाला की लोकांना आधी पोलीस आठवत. घराघरातून माणसं बाहेर पडली. पांढऱ्या धुराचा लोट आंब्याच्या शेंड्यापर्यंत गेला. आमराईतले सगळे कावळे एकदम उठले, आभाळ काळं करून एक चक्कर मारली आणि ओरडत नदीपलीकडच्या डोंगराकडं निघून गेले. माझ्या भुवया जळल्या. त्या गोंधळात शटर बंद करायचं मी विसरलो ते कावळे गेल्यावर आठवलं. शालनबाई मात्र जागची हलली नव्हती. नाटक कंपनीत तिला शिकवलेलं, मंडप कोसळला तरी पोज सोडायची नाही.

धूर विरला. एक म्हातारा आभाळाकडं बघत म्हणाला, "आरं, कावळं गेलं."

मग सगळ्यांनी वर पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

सुरुवातीला लोकांना वाटलं, येतील. पानं वाढली गेली, कौलांवर चढली. घराघरापुढं माणसं हात जोडून उभी राहिली आणि का, का, का करून हाका मारू लागली. एकही कावळा नाही. दुपार कलली. पोरं भुकेनं रडायला लागली. आतून वड्यांचा आणि खिरीचा वास येत होता, त्यानं लोकांचा राग आणखी चढत होता. माझाही जीव कासावीस झाला होता, पण ते सांगायची वेळ नव्हती.

गोमादादा नवा फेटा बांधून आला. फोटोसाठी बांधलेला तो फेटा आता भांडणाला उपयोगी पडला.

"फोटूवाले, काय केलंत ह्ये?"

"दादा, चुकून जरा मोठा आवाज झाला."

"आमचं पितर उपाशी हायेत. गाव उपाशी हाय. जवर कावळा शिवत नाय, तवर तुमी हितनं हलायचं नाय. तो फोटूचा डबा आन हिकडं."

त्यानं कॅमेरा उचलून घरात नेला आणि भाताच्या कणगीमागं ठेवला. कॅमेऱ्याची लेन्स जर्मन होती. लढाईनंतर तशी दुसरी मिळणं अशक्य. तो कॅमेरा घेतल्याशिवाय ऑफिसात गेलो असतो तर साहेबांनी मलाच पानासारखं गाळलं असतं. माझ्याकडं राहिला फक्त खांद्यावरचा काळा बुरखा.

आम्ही गोठ्याच्या छप्पर नसलेल्या भागात, अंगणाकडच्या कुडाआड जाऊन उभे राहिलो. मी म्हणालो, "संपलं."

शालनबाई बुरख्याकडं बघत होती. "कावळा मेला की काय होतं, माहीत आहे?"

माहीत होतं. आमच्या चाळीत एकदा कौलाच्या खापरीत कावळा अडकला होता. त्यानं आक्रोश केला तसे गिरगावातले सगळे कावळे गोळा झाले आणि दोन तास कोणी गॅलरीत येऊ शकलं नाही.

"उघड्या मंडपात एका खेळात मी मरणाऱ्या कावळ्याचा आवाज काढला होता," ती म्हणाली. "मॅनेजरनं हौसेनं लावलेला प्रसंग. खरे कावळे आले. पुढच्या रांगेतले लोक अंगरखे धुवायला गेले ते परत आले नाहीत. तुम्ही हा बुरखा काठीला बांधून फडफडवा. मी ओरडते."

"बाई, तुम्ही देवी आहात."

"ते फोटोत दिसलं पाहिजे."

मी गवत ओढायची काठी घेतली, बुरखा बांधला. गोठ्याच्या कुडातल्या फटीतून अंगण दिसत होतं. कौलावर पान होतं, खाली गोमादादा, मागं निम्मं गाव. ओसरीवर त्याची आई बसली होती, सुरकुतलेली आणि अगदी ताठ. भागी दाराआड उभी होती.

"ओरडा आता," मी पुटपुटलो.

"थांबा," शालनबाई म्हणाली.

अंगणात म्हातारी बोलत होती. "गोमा, त्यो आवाज न्हवं रं. कावळं आवाजानं जातात आन येतात. तुजा बाप रुसला आसंल. नायतर रामा. इचार त्यांना, काय मागनं हाय."

लोकांनी माना डोलावल्या. भुकेल्या पोटाला हे पटकन पटतं. गोमादादानं कौलाकडं बघून हात जोडले. "बाबा, काय चुकलं? तुजी चिलीम मोडली, नवी आनतो."

आभाळ रिकामं.

"ओरडा की!" मी म्हणालो.

"थांबा हो. चिलमीवर कावळा येत असतो का?"

"बाबा, देवाला नारळ देतो. पाच देतो." थोडं थांबून, "गावाला जेवान घालतो."

गाव खूश झालं. कावळा नाही. कोपऱ्यात बांधलेली म्हैस बुरखा हुंगत होती.

"शालनबाई, गाडी चुकेल, कॅमेरा जाईल, नोकरी जाईल. ओरडा."

"अजून तो मुद्द्यावर आला नाही," ती शांतपणे म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही बाई सकाळपासून कशाचा विचार करत होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटायला लागली.

ओसरीवरून म्हातारी पुन्हा बोलली, या वेळी हळू. पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं मोठ्यानं. "बापाला समदं दिलंस. रामाला काय देतो त्ये बोल. त्याचा जीव कशात हाय, त्ये मी सांगायला पायजे का?"

गोमादादा मिशीवरून हात फिरवत राहिला. एकदा त्यानं दाराकडं पाहिलं, एकदा गावाकडं. गाव त्याच्याकडं बघत होतं आणि गावाला भूक लागली होती.

"आये, त्ये घरातलं हाय. घरात बोलू."

"मंग कावळाबी घरातच बोलव," म्हातारी म्हणाली.

कोणी तरी हसलं. गोमादादाच्या मानेवर घाम आलेला मला फटीतून दिसला. शेवटी तो मोठ्यानं, जवळजवळ रागानं म्हणाला, "रामा! तुजी बायको आन पोर हितंच ऱ्हाईल. कुटं जायाची नाय. आन तुजं वावर तिचं. मी हात लावनार नाय. झालं? आता तरी ये!"

"आता!" शालनबाई म्हणाली.

तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जो आवाज काढला तो माणसाचा आहे हे मला समोर बघूनही खरं वाटेना. मी काठी वर करून बुरखा फडफडवला. पहिला कावळा कुठून आला कळलं नाही. मग नदीकडून दहा-वीस आले, मग मोजणं सोडून दिलं. सगळे गोठ्यावर तुटून पडले. एकानं माझ्या टाळूत चोच मारली, त्याची खूण अजून आहे. म्हैस दावं तोडून निघाली. मी बुरखा टाकला, त्याच्यावर बसलो आणि डोकं हातात लपवलं. बुरखा दिसेनासा झाल्यावर कावळ्यांचा गोंधळ उडाला. ते कौलांवर बसले आणि तिथं त्यांना वड्या दिसल्या.

अंगणातून मोठा गलका उठला. "शिवला! शिवला!"

मी फटीतून पाहिलं. गोमादादा तोंड उघडं टाकून उभा होता. दाराआड भागी खाली बसली होती आणि पदर तोंडात धरून रडत होती. म्हातारीनं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि मग सरळ गोठ्याच्या कुडाकडं पाहिलं. तिला काय कळलं होतं आणि किती, ते मला आजवर माहीत नाही.

त्या दिवशी आम्ही गोमादादाच्या पंक्तीला जेवलो. खिरीची वाटी त्यानं स्वतः वाढली. कॅमेरा परत मिळाला. मी त्याचा फेट्यासकट फोटो काढला. त्यात तो जरा गोंधळलेला दिसतो. निघताना शालनबाई लुगडं बदलायला लागली तर भागीनं तिला तशीच पाठवली. म्हणाली, तुमची साडी धुवून ठेवते, न्यायला या.

टांग्यात मी शालनबाईला म्हणालो, "पण आपण लोकांना फसवलं की."

"काय फसवलं?" ती म्हणाली. "कावळा तर खरा होता."

मुंबईत आल्यावर मी प्लेट धुतली. डेव्हलप करताना प्लेट औषधात बुडवतात आणि लाल उजेडात हळूहळू चित्र वर येतं. मी देवाचं नाव घेत बघत होतो. शालनबाईचा चेहरा सुरेख आला होता. लुगडं आलं होतं. कागदी पानं मात्र कागदीच दिसत होती, ओली आणि चिकटलेली. आणि वर, दोन झाडांमधल्या आभाळात, फराटेच फराटे. शटर उघडं राहिल्यामुळं उडणारे सगळे कावळे प्लेटवर घसरत गेले होते. कोणताच कावळ्यासारखा दिसत नव्हता. नुसते लांबट, वाकडे डाग.

मी ती प्रिंट टेबलावर ठेवून राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत होतो. इतक्यात आमचा रंगारी आला. त्या काळी फोटो काळेपांढरे असत, कॅलेंडरसाठी त्यांना हातानं रंग द्यावा लागे. त्यानं प्रिंट उचलली, मला काही न विचारता नेली आणि संध्याकाळी आणून दिली. खालची कागदी पानं त्यानं मातीच्या रंगात बुडवली होती. आंब्याची झाडं विटकरी केली होती. आभाळातल्या प्रत्येक फराट्याला पिवळा, नारिंगी किंवा तांबडा रंग दिला होता.

साहेबांनी ती प्रिंट हातात घेतली. खिडकीपाशी उजेडात नेली.

"मिस्टर जॉगलेकार," ते म्हणाले, "माझ्या आईच्या घरामागं पानं अशीच पडायची. अगदी अशीच. वाऱ्यात वळत." त्यांनी एका फराट्यावरून हळूच बोट फिरवलं. "आणि तुम्ही म्हणत होता, इथं ऑटम नसतो."

मी तोंड उघडलं. रंगाऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटलं.

कॅलेंडर दिवाळीआधी छापलं गेलं. मी नोकरीत पक्का झालो. स्टुडिओतल्या कोणाच्या घरी ते लागलं की नाही ठाऊक नाही, पण शालनबाईला हंड्याखालून काढलं ते कॅलेंडरमुळं नव्हे. तिनं तो मरणाऱ्या कावळ्याचा आवाज तिथल्या एका साउंड रेकॉर्डिस्टला ऐकवला. त्यानं आधी तिला काम दिलं आणि मग लग्नाची मागणी घातली. आमचं का जमलं नाही असं मला पुष्कळ जण विचारतात. मी कोणता आवाज काढून दाखवणार होतो?

दिवाळीनंतर ती एक नवं लुगडं आणि गोमादादाची प्रिंट घेऊन त्या गावाला जाऊन आली. भागी घरातच होती. तिच्या वावरातलं भात कापून खळ्यावर पडलं होतं. गोमादादाचं मन अधूनमधून फिरत होतं म्हणे, पण त्यानं शब्द दिला होता तो सगळ्या गावासमोर, वर गावजेवणही कबूल केलेलं. कावळ्यापुढं दिलेला शब्द कोर्टात टिकत नाही, गावात टिकतो. त्या गावाचं नाव मी सांगत नाही ते यासाठी.

पुढं मी तीस वर्षं हा धंदा केला. त्यात शिकलो ते एवढंच, की फोटोत काय आहे आणि गिऱ्हाइकाला त्यात काय दिसतं, यांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. प्रिंट हातात द्यावी, दोन पावलं मागं सरकावं आणि विचारल्याशिवाय बोलू नये. विचारलं तर विशेषच बोलू नये.